संगणक आपला, पण त्यात चालतंय कुणाचं?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे तालुक्याच्या कोर्टात वकिली करणारी आमची एक तरुण सहकारी होती. ॲट्रॉसिटीची प्रकरणे हिरिरीने लढविणारी, गावगुंडांच्या धमक्यांना भीक न घालणारी मुलगी. पण त्या रात्री तिचा आवाज कापत होता. "सर, जयभीम. माझ्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी शिरलंय. टास्क मॅनेजरमध्ये दीडशे नावं दिसतायत, आणि त्यातली पाचसुद्धा मला माहीत नाहीत."

"मग तू काय केलंस?"

"व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता सर, की सीएसआरएसएस नावाचा प्रोग्राम दिसला तर तो व्हायरस आहे, लगेच बंद करा. मला दिसला. मी बंद केला. विंडोजने विचारलं, खरंच बंद करायचं का? मी हो म्हटलं. आणि अख्खी स्क्रीन निळी झाली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एका बलात्कार पीडितेच्या वतीने आरोपीच्या जामिनाला विरोध करायचा होता. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ ने पीडितेला जामिनाच्या वेळी म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे, तो हक्क बजावणारे चार पानी लेखी म्हणणे तिने टाईप केले होते, आणि सेव्ह केले नव्हते. ते गेले. रात्री दोनपर्यंत बसून तिने ते पुन्हा लिहिले.

सीएसआरएसएस हा व्हायरस नव्हे. तो विंडोजचा स्वतःचा, अगदी मूळचा प्रोग्राम आहे. तो थांबला की विंडोजच कोसळते, म्हणून तर विंडोज आधी बजावून विचारते. म्हणजे या मुलीने घरातल्याच माणसाला चोर समजून बाहेर काढले. यात तिला हसण्यासारखे काही नाही. अशा अफवांचा इतिहास जुना आहे. २००१ साली अशीच एक ई-मेल जगभर फिरली होती. विंडोजमधली लांब नावांच्या फायली सांभाळणारी एक निरुपद्रवी फाईल व्हायरस आहे, ती पुसून टाका आणि मित्रांनाही कळवा, असे त्यात म्हटले होते. २००२ साली दुसरी आली. ज्या फाईलचे चिन्ह छोटे अस्वल होते तिच्याविषयी. हजारो लोकांनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या संगणकातील चांगल्या फायली पुसल्या. एकही व्हायरस न बनवता अफवेने व्हायरसचे काम केले. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आपण विहारात दर रविवारी ऐकतो. ऐकीव आहे म्हणून मानू नका. पण मोबाईल हातात आला की आपण ते साफ विसरतो.

आता कोणी म्हणेल, वकीलसाहेब, एवढे घाबरायचे कारणच काय? कारण आहे, आणि ते चळवळीच्या वाचकांना तरी नव्याने सांगावे लागू नये.

१ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला शौर्यदिनाच्या द्विशताब्दीला जमलेल्या आपल्या माणसांवर दगडफेक झाली. त्यानंतर त्याच वर्षी १७ एप्रिलला पोलिसांनी नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि दिल्लीचे कार्यकर्ते रोना विल्सन यांच्यासह अनेकांच्या घरांवर छापे घातले, संगणक आणि हार्ड डिस्क जप्त केल्या आणि ६ जूनला अटका सुरू झाल्या. खटल्याचा कणा म्हणजे त्या संगणकांत सापडलेली पत्रे. पुढे न्यायालयाच्या आदेशाने बचाव पक्षाला त्या डिस्कच्या प्रती मिळाल्या आणि त्या अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेकडे तपासणीसाठी गेल्या. या संस्थेने हे काम विनामोबदला केले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या तिच्या पहिल्या अहवालाचे म्हणणे असे. १३ जून २०१६ रोजी विल्सन यांना एका ज्येष्ठ, ओळखीच्या कवीच्या ई-मेल खात्यावरून एक मेल आली. खाते त्यांचे, पण ते चालवणारा दुसराच कोणीतरी. सोबतची फाईल उघडा असा त्याचा आग्रह. विल्सन यांनी ती उघडली. डोळ्यांसमोर एक साधा दस्तऐवज आला आणि पाठीमागे मात्र नेटवायर नावाचा, दुरून संगणक चालवणारा प्रोग्राम बसला. पुढे जवळजवळ २२ महिने कोणीतरी त्या संगणकात ये-जा करीत होता. त्याने एक लपवलेला फोल्डर तयार केला आणि त्यात फायली आणून ठेवल्या. त्या कटाच्या पत्रांपैकी एकही त्या संगणकावर कधी उघडली गेल्याची खूण अहवालाला मिळाली नाही. आणखी एक बारकावा मला वकील म्हणून फार मोलाचा वाटतो. काही पत्रे वर्डच्या २०१० किंवा २०१३ च्या आवृत्तीतून तयार झालेली होती, आणि विल्सन यांच्या संगणकात वर्ड होते २००७ चे!

गडलिंग यांच्या संगणकाबद्दलचा अहवाल जुलै २०२१ मध्ये आला. तिथेही तोच प्रोग्राम, तोच हल्लेखोर, २० महिन्यांहून अधिक काळ. फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाविषयीचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला. १२ जून २०१९ ला त्यांचा संगणक जप्त झाला आणि आदल्याच दिवशी, ११ जूनला, हल्लेखोर आपल्या खुणा पुसत होता असे त्यात म्हटले आहे. पण तो वाचायला स्वामी नव्हते. ८४ वर्षांचा तो म्हातारा ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच गेला होता.

राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे अहवाल मान्य केलेले नाहीत, आणि त्यांची खरी परीक्षा खटल्यात साक्षीपुराव्याच्या वेळीच व्हायची. तो शिष्टाचार मी पाळतो. पण माझ्या समाजातल्या वकिलांना, प्राध्यापकांना, कार्यकर्त्यांना मला एवढेच विचारायचे आहे की, या तिघांपैकी एकालाही आपल्या संगणकात काहीतरी अनोळखी चालू आहे हे त्या काळात का कळले नाही? ते काही अडाणी नव्हते. आपल्यापैकी किती जणांना कळले असते?

नेटवायर हे काही कोणा सरकारचे गुपित शस्त्र नव्हते. संकेतस्थळावरून पैसे भरून कोणालाही विकत मिणारी ती वस्तू होती. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ते संकेतस्थळ ताब्यात घेतले आणि क्रोएशियात एकाला अटक झाली. म्हणजे उद्या गावचा पाटीलसुद्धा, किंवा सोसायटीच्या निवडणुकीत हरलेला उमेदवारसुद्धा, असले काहीतरी विकत घेऊन तुमच्या टेबलावरच्या संगणकात बसवू शकतो.

तेव्हा आधी हे समजून घेऊ की ती दीडशे नावे कसली.

आपण संगणकावर वर्ड उघडतो, ब्राउझर उघडतो, ते समोर दिसते. पण पंगत वाढली जात असताना आत चूल पेटवणारे, भांडी घासणारे, पाणी भरणारे वेगळेच असतात. विंडोजमध्येही तसेच. प्रिंटर सांभाळणारा एक, घड्याळ मिळवणारा एक, इंटरनेट जोडणारा एक. अशा चालू असलेल्या प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो आणि सगळी यादी समोर येते. धडधाकट संगणकातही शंभर-दीडशे नावे सहज असतात. म्हणून संख्येवरून घाबरू नये.

सर्वांत जास्त लोक बिचकतात ते एसव्हीसीहोस्ट या नावाला, कारण ते एकदा नव्हे, पन्नास-साठ वेळा दिसते. हा विंडोजच्या निरनिराळ्या सेवांना आसरा देणारा प्रोग्राम आहे. पूर्वी एकेका आसऱ्याखाली दहा-दहा सेवा राहत. २०१७ नंतरच्या विंडोज १० मध्ये, पुरेशी मेमरी असेल तर, बहुतेक सेवांना स्वतंत्र खोली मिळाली, म्हणून गर्दी वाढली. दुसरा बदनाम गृहस्थ म्हणजे अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल. हा चालू झाला की पंखा घरघरतो, संगणक मंद होतो आणि लोकांना वाटते हाच चोर. तो विंडोजचा पहारेकरी आहे बिचारा.

मग खरा चोर ओळखायचा कसा? चोर अंगावर पाटी लावून फिरत नाही. तो घरातल्याच कोणाचे तरी नाव घेतो. एसव्हीसीहोस्टच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये व्ही आणि सी यांची अदलाबदल करायची, की वरवर पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. एलसॅस या नावात इंग्रजी एलच्या जागी आय घालायचा. म्हणून नाव अक्षर न् अक्षर वाचा. आणि नावावर थांबू नका, पत्ता विचारा. त्या नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' दाबले की तो प्रोग्राम कोणत्या फोल्डरमधून चालतोय ते उघडते. एसव्हीसीहोस्ट, एलसॅस, सीएसआरएसएस यांचे घर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम-३२ मध्ये. तो एसव्हीसीहोस्ट म्हणवतो आणि राहतो टेम्प किंवा ॲपडेटा फोल्डरमध्ये, तर तिथे पाणी मुरतेय. उलट ॲपडेटामध्ये राहणारा प्रत्येकजण चोर, असेही नाही. लॉकडाऊनमध्ये आपण ज्याच्यावर धम्मप्रवचने ऐकली तो झूमही तिथेच राहतो. सामंजस्याने घ्यावे.

तिसरा प्रश्न त्याला कोणी जन्माला घातले हा. मला यात प्रतीत्यसमुत्पाद आठवतो. संगणकातही कारणाशिवाय काही उपजत नाही, प्रत्येक प्रोसेसला तिला सुरू करणारी दुसरी प्रोसेस असते. खऱ्या एसव्हीसीहोस्टला सर्व्हिसेस नावाचा प्रोग्राम सुरू करतो. तुमच्या वर्डच्या फाईलने जर आतून कमांडची काळी खिडकी सुरू केली, तर ते नैसर्गिक नाही. टास्क मॅनेजरमध्ये ही वंशावळ नीट दिसत नाही. त्यासाठी प्रोसेस एक्सप्लोरर नावाचा फुकट प्रोग्राम आहे. मार्क रुसिनोविच या अभियंत्याच्या सिसइंटर्नल्स संचातला. २००६ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली, त्यामुळे तो मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून घ्यावा, भलत्या ठिकाणाहून नाही. आर्सेनलच्या अहवालांतही कोणत्या प्रोग्रामने कोणता प्रोग्राम सुरू केला याची वंशावळ मांडूनच निष्कर्ष काढले आहेत.

प्रोसेस एक्सप्लोररमध्ये प्रोग्रामची डिजिटल सही खरी आहे का तेही तपासता येते. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्येही सहीचे पान असते, पण विंडोजच्या कित्येक अस्सल फायलींवर ते पान दिसतच नाही, कारण त्यांच्या सह्या वेगळ्या नोंदवहीत ठेवलेल्या असतात. माझा स्वतःचा एक अख्खा रविवार या गैरसमजात गेला आहे.

व्हायरसटोटल या संकेतस्थळावर संशयित फाईल टाकली की डझनावारी अँटीव्हायरसांचे मत एकदम मिळते. उपयोगी आहे. पण वकील मंडळींनी येथे थांबून ऐकावे. तिथे टाकलेली फाईल तिथे वर्गणी भरणाऱ्या कंपन्यांनाही उपलब्ध होते. मेलमधून आलेली 'एफआयआर कॉपी' संशयास्पद वाटली म्हणून तुम्ही ती तिथे चढवाल आणि पीडितेचे नाव-गाव जगाच्या हवाली कराल. पूर्ण फाईल न चढवता तिचा हॅश, म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा, तेवढाच तपासता येतो. प्रोसेस एक्सप्लोरर मुळात तेच करतो.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे, जी इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. आपण मराठीत टाईप करतो. त्यासाठी बसवलेला प्रोग्राम पाठीमागे सतत जागा असतो आणि प्रत्येक कळ पकडून तिचे देवनागरी अक्षर करतो. कळा चोरणारा हेरही नेमके हेच करतो, कळा पकडतो. म्हणून फॉन्टचे सॉफ्टवेअर कुठून आणले याला महत्त्व. डीटीपीवाल्या मित्राने पेनड्राइव्हवर दिलेली, कुलूप फोडलेली प्रत आपल्या अर्ध्या कार्यालयांत आहे. विंडोज आणि ऑफिस फुकटात चालू करून देणारी हत्यारे तशीच. ती सुरू करण्याआधी 'अँटीव्हायरस बंद करा' अशी सूचना असते आणि आपण ती आज्ञाधारकपणे पाळतो! गरिबी आहे, हे मला कळते. मीही सेकंडहँड संगणकावरच शिकलो. पण ज्याला परवडत नाही त्याने लिनक्स आणि लिबरऑफिस घ्यावे, दोन्ही फुकट आहेत आणि चोरीचेही नाहीत. मराठी युनिकोड दोन्हीत चालते.

तर त्या मुलीकडे परत येऊ. पुढच्या शनिवारी मी तिच्या गावी गेलो. तिच्या आईने आधी चहा, मग पोहे पुढे केले आणि विचारले, "साहेब, पोरीला काही धोका तर नाही ना?" मी म्हटले, "माई, आधी बघू तरी." दोन तास आम्ही एकेक नाव घेत बसलो. दीडशेतील शंभराहून अधिक विंडोजची निघाली. काही प्रिंटरची, काही ब्राउझरची. एक मराठी टायपिंगचे. हसत-हसत काम चालले होते, आणि मग एक नाव आले जे तिने कधी बसवले नव्हते.

तो व्हायरस नव्हता. त्याच्यावर सहीही अस्सल होती, एका नामांकित कंपनीची. तो दुरून संगणक हाताळण्याचा, बाजारात राजरोस मिळणारा प्रोग्राम होता. दीड वर्षापूर्वी प्रिंटर चालेना म्हणून एका दुरुस्तीवाल्याला बोलावले होते. त्याने तो बसवला, कायमचा पासवर्ड स्वतःच ठरवला, संगणक सुरू होताच तोही सुरू होईल अशी व्यवस्था केली आणि गेला. दीड वर्ष त्या माणसाला, किंवा त्याच्याकडून पासवर्ड मिळालेल्या कोणालाही, एकोणतीस ॲट्रॉसिटी प्रकरणांच्या फायली उघड्या होत्या. साक्षीदारांची नावे, पीडितांचे पत्ते, कोण फितूर होण्याच्या बेतात आहे याची तिची टिपणे. तो आत आला की नाही, हे आम्हाला अजून सांगता येत नाही. पण ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "सर, गेल्या साली माझे दोन साक्षीदार तारखेच्या आदल्या रात्रीच फिरले होते."

तिचा हात माऊसकडे गेला. ती तो प्रोग्राम काढून टाकणार होती. मी तिला थांबवले.

हीच गोष्ट मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायची आहे. काहीतरी सापडले की माणसाला पहिली ऊर्मी येते ती पुसून टाकण्याची, आणि दुसरी फॉरमॅट मारण्याची. दुरुस्तीवालाही तेच सुचवतो. पण खून झालेल्या घरात कोणी फरशी धुवून काढते काय? त्या प्रोग्रामच्या नोंदवहीत कोण कधी जोडला गेला याच्या नोंदी असू शकतात. त्या पुसल्या की उद्या कोर्टात तुमच्या हातात काय? तेव्हा आम्ही आधी इंटरनेटची वायर काढली. मोबाईलने स्क्रीनचे फोटो घेतले. नाव, पत्ता, सुरू झाल्याची तारीख, सगळे. घड्याळात पाहून वहीत वेळ लिहिली आणि तिच्या भावाची साक्षीदार म्हणून सही घेतली. दुसऱ्या संगणकावरून सगळे पासवर्ड बदलले. तिची हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवली आणि कामासाठी नवी घातली. दोन-अडीच हजारांचा खर्च, पण पुरावा शाबूत राहिला.

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, असे कलम ७८ म्हणते. ठाण्यात 'सायबरला जा' म्हणून हाकलतात, तेव्हा हे कलम पुढे करावे. तक्रारीची पोच घ्यावी.

आणि संगणक जप्त व्हायची पाळी आपल्यावर आली तर? १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचे त्याच्या नमुन्यातच हॅश नमूद करावा लागतो. जुन्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र सक्तीचे आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली आपल्या जालन्याच्याच निवडणूक वादात, अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात, पक्के केले होते. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करणे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक आहे. तेव्हा जप्तीच्या पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी हॅश काढला का, त्याची नोंद कुठे आहे, प्रत मला कधी मिळेल, हे प्रश्न नम्रपणे पण ठामपणे विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर तसेच सहीखाली लिहावे. आणि वकिलांसाठी ३१ ऑक्टोबर २०२५ चा निकाल आहे. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितले की, वकिलाचे डिजिटल उपकरण हवे असेल तर ते न्यायालयापुढे हजर करवून घ्यावे, आणि उघडायचे ते त्या वकिलाच्या उपस्थितीत, त्याच्या पसंतीचा जाणकार सोबत घेऊन. या निकालाची प्रत प्रत्येकाने आपल्या कपाटात ठेवावी.

टास्क मॅनेजर पाहिला म्हणजे सगळे कळते, असे मात्र मी म्हणणार नाही. स्वतःला त्या यादीतून लपवणारे प्रोग्रामही असतात, आणि तिथे माझ्यासारख्या हौशी माणसाची विद्या संपते. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चोर इतका हुशार नसतोच. तो राजरोस यादीत बसलेला असतो, कारण ती यादी कोणी उघडतच नाही. महिन्यातून एकदा उघडावी, शहाण्या दिवशी. म्हणजे संगणक नीट चालत असताना. चांगल्या दिवशीची दीडशे नावे लिहून किंवा फोटो काढून ठेवली, की वाईट दिवशीचे एकशे एकावन्नावे लगेच उठून दिसते.

त्या मुलीची तक्रार दाखल झाली आहे, डिस्क सीलबंद आहे, दुरुस्तीवाल्याला जबाबासाठी बोलावणे गेले आहे. ती आता स्वतः इतरांचे संगणक तपासते. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर त्यांच्या विहारात ती तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना हे सगळे करून दाखवणार आहे. मीही जाणार आहे. येणाऱ्यांनी आपला लॅपटॉप आणि चार्जर आणावा, एक कोरी वहीही आणावी. विहारात प्लग पॉइंट दोनच आहेत, त्यामुळे ज्याच्याकडे एक्स्टेन्शन बोर्ड असेल त्याने तो आठवणीने घेऊन यावा.